हार्ट अटॅक : वेळ नेमका कुठे जातो? या चुका टाळा

भारतात हार्ट अटॅकवर उपचार कसे होतात, याचं पहिलं मोठं देशव्यापी चित्र २००८ साली ‘क्रिएट’ या अभ्यासातून समोर आलं. ८९ रुग्णालयं आणि जवळपास २१ हजार रुग्ण. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठायला लागलेला मध्यक वेळ होता ३६० मिनिटं, म्हणजे निम्म्या रुग्णांना सहा तास किंवा त्याहून जास्त लागले. आत गेल्यावर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळायला लागली ५० मिनिटं. आपण दोष देतो कॅज्युअल्टीला, पण वेळ गेलेला असतो घरात आणि रस्त्यात.

घरातली चूक सगळ्यांना माहीत आहे, तरी ती रोज होते. ‘गॅस झालाय’ म्हणत ईनो, सोडा, ओवा आणि मग थोडं पडून राहणं. छातीवर दाब, दरदरून घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, यातलं काहीही आलं तर ईसीजी काढेपर्यंत गॅस म्हणायचं नाही. मधुमेह असलेल्यांना, वयस्करांना आणि बायकांना कधी कधी छातीत दुखतही नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. ‘बाईला कुठला अटॅक’ असं म्हणणारे अजूनही भेटतात!

रुग्णाने स्वतः गाडी चालवत जाऊ नये, त्याला दुचाकीवर मध्ये बसवूनही नेऊ नये. वाटेत हृदयाची लय बिघडली तर शॉक देणारं यंत्र १०८ च्या ॲडव्हान्स्ड रुग्णवाहिकेत असतं, शेजाऱ्याच्या गाडीत नसतं. शेजाऱ्याने दिलेली सॉर्बिट्रेटही जिभेखाली ठेवू नका. रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर ती गोळी तो आणखी पाडते. ॲस्पिरिनचं तसं नाही. ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल, तर फोनवर डॉक्टरांना विचारून ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची मात्रा चावून खावी.

आता ज्या चुकीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, ती. तालुक्याच्या रुग्णालयात ईसीजीत मोठा अटॅक दिसतो, डॉक्टर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं म्हणतात आणि नातेवाईक अडून बसतात, ‘इथे काही करू नका, आम्ही मोठ्या दवाखान्यात नेतो, थेट अँजिओप्लास्टीच करू.’ अँजिओप्लास्टी म्हणजे बंद झालेली रक्तवाहिनी फुगा आणि स्टेंट घालून उघडणं. नातेवाइकांच्या या हट्टामागचं कारण समजण्यासारखं आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत कॅथलॅब, म्हणजे जिथे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी होते ते कक्ष, वाढल्या, २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही अँजिओप्लास्टी होते. वेळेत झाली तर ती इंजेक्शनपेक्षा सरस, यात शंका नाही. पण अट वेळेचीच आहे. निदानापासून दोन तासांत रक्तवाहिनी उघडली जाणार असेल तरच थेट न्यावं. गडचिरोलीच्या आतल्या गावातून किंवा सिंधुदुर्गातून गोव्यातल्या बांबोळीकडे, कोल्हापूरकडे निघालेल्या माणसाचं हे गणित बहुधा जमत नाही. अशा वेळी काही अडचण नसेल तर तिथेच, निदानानंतर दहा मिनिटांत इंजेक्शन सुरू करावं आणि मग हलवावं. मेंदूत कधीही रक्तस्राव झाला असेल, किंवा अलीकडे पक्षाघात, मोठं ऑपरेशन झालं असेल तर ते आधी सांगा, कारण मग इंजेक्शन देता येत नाही.

तमिळनाडूत हेच पद्धतशीर करून पाहिलं. छोटी रुग्णालयं कॅथलॅब असलेल्या केंद्रांना जोडली आणि इंजेक्शननंतर रुग्ण अँजिओग्राफीसाठी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीसाठी, पुढे पाठवले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, इंजेक्शननंतर अँजिओग्राफी होण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून सुमारे ६१ टक्क्यांवर गेलं आणि वर्षभरातला मृत्युदर १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आला. थेट अँजिओप्लास्ट्या वाढून हे झालं नव्हतं.

म्हणूनच इंजेक्शनने दुखणं थांबलं म्हणून घरी घेऊन जाणं ही पुढची चूक. गुठळी विरघळली तरी अरुंद झालेली वाहिनी तशीच असते. साधारण २४ तासांच्या आत अँजिओग्राफी व्हायला हवी, आणि इंजेक्शनने गुण आला नाही तर लगेच.

पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी त्रास चालू असेल, तर पुन्हा काढायला सांगा. हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणीही सुरुवातीच्या तासांत निगेटिव्ह येऊ शकते. दुसरीकडे पाठवत असतील तर निघण्याआधी तीन गोष्टी विचारा : तिथली कॅथलॅब आत्ता चालू आहे का, त्यांना फोन झाला का, ईसीजीचा फोटो पाठवला का.