सेल्फ फिरतोय पण गाडी सुरू होत नाही? टो ट्रक बोलवायच्या आधी एवढं बघा

इकडे परदेशात नवीन आलेल्या बहुतेकांची पहिली गाडी सेकंड हँड असते, दहा-बारा वर्षं जुनी, आधीच्या मालकाने तिच्यात काय काय करून ठेवलंय याचा काही पत्ता नसलेली. अशी गाडी कधी ना कधी रुसतेच आणि नेमकी कामावर निघायच्या वेळेला. मग फोन येतो, "गाडी स्टार्ट होत नाहीये हो, बॅटरी गेली वाटतं". मी पहिला प्रश्न एकच विचारतो, सेल्फ फिरतोय का? कारण किल्ली फिरवल्यावर नुसतं टक् करून गप्प बसणारी गाडी वेगळी आणि गर्र गर्र करत इंजिन फिरतंय पण सुरू होत नाही ती वेगळी, दोन्हीची कारणं पार वेगळी. हे सगळं त्या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

बॅटरीचं आधी उरकून घेऊ, कारण सगळे तिथेच अडकतात. सेल्फ नेहमीच्या जोरात फिरत असेल तर बॅटरी आणि स्टार्टर मोटर दोन्ही ठीक आहेत, जंप (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट) देऊन काही होणार नाही आणि नवीन बॅटरी तर अजिबात घेऊ नका. सेल्फ रडत रडत, ओढून ओढून फिरत असेल तरच बॅटरीवर संशय घ्यायचा. चांगली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, सेल्फ मारताना हा आकडा ९.६ च्या खाली जायला लागला तर इंजिन कसंबसं फिरतं पण कॉम्प्युटर, ठिणगी पाडणारी कॉईल, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर यांना पुरेसा करंट उरत नाही. उणे १८ अंशाच्या आसपास बॅटरीचा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो, त्यामुळे थंड देशात असाल तर पहिल्या हिवाळ्याआधीच तपासून घ्या.

आणि सेल्फ मारत बसू नका प्लीज. एका वेळेला जास्तीत जास्त दहा सेकंद, मग अर्धा-एक मिनिट थांबायचं. घाबरून लोक पंधरा वेळा किल्ली फिरवतात, त्यात स्टार्टर तापतो, बॅटरी बसते (म्हणजे आता दोन प्रॉब्लेम झाले), आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करू शकतं, जो गाडीतल्या महागड्या पार्टपैकी एक आहे.

इंजिन सुरू व्हायला पेट्रोल, ठिणगी, हवेचं नीट कॉम्प्रेशन आणि या तिघांचं टायमिंग लागतं. हे शाळेत असल्यापासून माहीत असतं. पण हल्लीच्या गाड्यांना आणखी एक गोष्ट लागते, कॉम्प्युटरची परवानगी. नवीन आलेले सगळ्यात जास्त इथेच फसतात. किल्लीच्या प्लास्टिकमध्ये एक छोटी चिप असते, गाडीने ती ओळखली तरच इंजेक्टर नाहीतर ठिणगी चालू होते. सेकंड हँड गाडीबरोबर एकच किल्ली मिळालेली असते, मग आपण दुसरी करून घेतो, करणाऱ्याने नुसतं लोखंड कापून दिलेलं असतं, चिप प्रोग्राम केलेली नसते. ती किल्ली दार उघडते, लॉकमध्ये फिरते, बऱ्याच गाड्यांत सेल्फसुद्धा फिरवते, पण इंजिन सुरू होत नाही किंवा सुरू होऊन दोन सेकंदात बंद पडतं. म्हणून आधी डॅशबोर्ड बघा, किल्लीचं किंवा कुलूपाचं चित्र लुकलुकतंय का. असेल तर दुसऱ्या किल्लीने प्रयत्न करा आणि जुडग्यात दुसऱ्या चिपवाल्या किल्ल्या असतील तर त्या बाजूला काढा, कधीकधी त्यांचाच गोंधळ होतो. बटणवाली गाडी असेल तर रिमोटचा सेल मेलेला असू शकतो, अशा वेळी रिमोट कुठे टेकवून गाडी सुरू करायची ती जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते, बऱ्याच गाड्यांत रिमोट थेट स्टार्ट बटणाला टेकवायचा असतो. पण साधारण नियम असा की रिमोटच ओळखला नाही तर बटणवाल्या गाड्या सेल्फच मारू देत नाहीत. आधीच्या मालकाने बाहेरून बसवलेला अलार्म किंवा रिमोट स्टार्टर असेल तर संशयाची सुई पहिल्यांदा तिकडे, त्याची जोडलेली वायर सुटणं हे जुन्या गाड्यांत अगदी नेहमीचं.

आता पेट्रोल. काट्यावर विश्वास ठेवू नका, टाकीतला फ्लोट अडकला की काटा पाव टाकी दाखवतो आणि आत ठणठणाट असतो. चढावर उभी असेल तर तळातलं थोडं पेट्रोल पंपापर्यंत पोचतही नाही. शंका असेल तर कॅनमधून थोडं आणून घाला, यात कमीपणा काही नाही. मग रेडिओ, पंखा, सगळं बंद करून किल्ली 'ऑन'ला न्या, सेल्फ मारू नका, आणि मागच्या सीटकडे कान द्या. दोनेक सेकंद बारीक घूं असा आवाज येतो, तो टाकीतला पंप. आवाज आला म्हणजे पंपाला करंट आहे, दाब पुरेसा आहे की नाही ते मात्र गेजशिवाय कळत नाही. आवाज नाही आला म्हणून लगेच पंप गेला असंही धरू नका, काही गाड्यांत तो ड्रायव्हरचं दार उघडताच वाजून जातो आणि काहींत फक्त सेल्फ फिरतानाच चालतो. त्यामुळे गाडी चांगली असताना एकदा आपल्या गाडीचा नेहमीचा आवाज ऐकून ठेवा, बिघडल्यावर ऐकून तुलना कशाशी करणार?

पंप गप्प असेल तर फ्यूज बॉक्स उघडा. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो. पंपाचा फ्यूज काढून आतली तार बघा, तुटलेली किंवा काळी पडलेली असेल तर तितक्याच अँपिअरचा दुसरा घाला, मोठा घालायचा नाही, आणि परत उडाला तर थांबा, कुठेतरी शॉर्ट आहे. फ्यूज ठीक असेल तर रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारा छोटा डबा. गंमत अशी की बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा आणि पंपाचा रिले एकाच मापाचा, एकाच नंबरचा असतो, दोन्ही अदलाबदल करून बघा. गाडी सुरू झाली आणि हॉर्न बंद पडला तर निदान झालं. जुन्या फोर्ड गाड्यांत आणखी एक भानगड असते, अपघातात पेट्रोल बंद करणारा इनर्शिया स्विच, जोरात खड्ड्यात आपटलं किंवा पार्किंगमध्ये कोणी मागून ठोकलं तरी उडतो. वरचं बटण दाबलं की परत चालू, पण आधी वाकून खाली पेट्रोल गळत नाहीये ना ते बघा.

पंपाबद्दल एक जाता जाता. टाकीतला पंप आजूबाजूच्या पेट्रोलनेच थंड राहतो. सुरुवातीला पैशांची ओढाताण असते म्हणून कायम रिझर्व्हवर गाडी चालवणारे खूप आहेत, त्यात पंपाचं आयुष्य कमी होतं. पाव टाकी ठेवत जा. पंप मरणाच्या दारात असेल तर एक जण सेल्फ मारतोय आणि दुसरा टाकीच्या बुडाला रबरी हातोड्याने ठोकतोय, असं केल्यावर तो कधीकधी एकदा चालू होतो. त्या एकदात सरळ गॅरेज गाठायचं, वाटेत भाजी घ्यायला थांबायचं नाही.

पंप वाजतोय तर मग सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. काटा थोडासा थरथरला पाहिजे. अगदी शून्यावर चिकटून राहिला तर क्रँकशाफ्ट सेन्सरवर संशय, कारण इंजिन फिरतंय हेच कॉम्प्युटरला कळत नाहीये, मग तो ना ठिणगी देतो ना पेट्रोल. पक्का पुरावा नाही हा, काही गाड्यांत काटा एवढ्या कमी वेगाला हलतच नाही. पण याची एक खूण ठरलेली आहे. गाडी चांगली चालते, तापते, दुकानासमोर बंद करून दहा मिनिटांनी आलात की सुरू होत नाही, आणि अर्धा-पाऊण तास थंड झाली की जणू काही झालंच नाही. असं ऐकलं की मी पहिलं नाव क्रँक सेन्सरचंच घेतो. पार्ट छोटासा असतो, जागा मात्र काही गाड्यांत अशी अडचणीची की मजुरीच जास्त लागते.

ठिणगी बघायला प्लग काढून हातात धरून सेल्फ मारायचा जो प्रकार जुने लोक सांगतात तो करू नका. हल्लीच्या कॉईल वीस-तीस हजार व्होल्टच्या पुढे जातात, बसलेला झटका साधा नसतो. टेस्टर मिळतो, नाहीतर ते काम मेकॅनिकवर सोडा.

त्यापेक्षा कान वापरा. नॉर्मल सेल्फचा आवाज लयीत असतो, गर्र-गर्र-गर्र, प्रत्येक पिस्टन हवा दाबताना थोडा अडतो म्हणून. तो आवाज अचानक सलग, हलका, भुर्रर्र असा आणि नेहमीपेक्षा वेगात यायला लागला तर तिथल्या तिथे थांबा. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि वाल्व यांचा मेळ राखणारा पट्टा) तुटला असण्याची दाट शक्यता आहे, आणि बऱ्याच इंजिनांमध्ये बेल्ट तुटल्यावर पिस्टन जाऊन वाल्ववर आपटतात, पुढचा प्रत्येक सेल्फ नुकसान वाढवू शकतो. गाडी घेताना बेल्ट कधी बदलला त्याचा कागद नसेल तर तो बदललाच नाही असं समजून चाला. चेनवाल्या इंजिनाला हा त्रास कमी, पण चेनही ताणते.

नाकाचं काम अजून राहिलं. सेल्फ मारल्यावर पेट्रोलचा भपकारा येतोय का? येत असेल तर पेट्रोल पोचतंय, एकतर ठिणगी नाही किंवा इंजिन फ्लड झालंय, म्हणजे जास्तीच्या पेट्रोलने प्लग भिजलेत. थंडीत बर्फ काढण्यासाठी गाडी सुरू करायची, चार फूट पुढे घ्यायची आणि लगेच बंद करायची, हे केलं की दुसऱ्या दिवशी फ्लड होण्याची शक्यता असते. उपाय सोपा आहे, अॅक्सिलरेटर पूर्ण जमिनीपर्यंत दाबून तसाच धरायचा आणि पाच-दहा सेकंद सेल्फ. बहुतेक इंजेक्शनवाल्या गाड्यांत याने इंजेक्टर बंद राहतात आणि नुसती हवा आत जाऊन प्लग सुकतात. इंजिन पकडलं की पाय हळूच काढा. अर्धवट दाबून पंप मारल्यासारखं करू नका, त्याने काही होत नाही.

पेट्रोल भरून आलात आणि थोड्या वेळात हे झालं असेल तर पावती बघा, खरंच. पंपावरच्या नळ्यांचे रंग देशोदेशी वेगळे. अमेरिकेत हिरवी नळी बहुतेक ठिकाणी डिझेलची, युरोपात हिरवी म्हणजे पेट्रोल आणि काळी डिझेल. रंगावर जाऊ नका, अक्षरं वाचा. युरोपात २०१८ पासून नवीन गाड्यांच्या टाकीच्या झाकणाजवळ आणि पंपावर एकच खुणा आहेत, पेट्रोलला गोल आणि डिझेलला चौकोन. चुकीचं भरलंय हे पंपावरच कळलं तर किल्ली 'ऑन'लासुद्धा नेऊ नका, टाकी रिकामी करून घेणं त्यातल्या त्यात स्वस्त पडतं.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात, थंडीत स्प्रिंगच्या आकाराचा पिवळा दिवा (इंजिन आतून तापवणाऱ्या ग्लो प्लगचा) विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारा. कडक गारठ्यात उन्हाळी डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो, थंडी सुरू झाली की टाकीत हिवाळी डिझेल असलं पाहिजे. ग्लो प्लगवाल्या इंजिनात ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारू नका, आत भडका उडतो. आणि पाइप सैल करून डिझेल येतंय का बघायचं नाही, इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या पाइपातला (कॉमन रेल) दाब २००० बारपर्यंत जातो, ती धार कातडीच्या आत घुसते.

सुट्टीला महिनाभर मायदेशी जाऊन आल्यावर गाडी सुरू होत नसेल तर बॉनेट उघडून बॅटरीही बघा आणि उंदीर-खारीही. एअर फिल्टरच्या डब्यात वाळका पाला, कापसाचे बोळे, कुरतडलेल्या वायरी, हे सगळं सापडतं.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा एक छोटा ओबीडी स्कॅनर मात्र घेऊन ठेवा. सॉकेट स्टिअरिंगच्या खाली असतो, अमेरिकेत १९९६ पासूनच्या सगळ्या गाड्यांना, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ आणि डिझेलला २००४ पासून. पी०३३५ आला तर क्रँक सेन्सरचं सर्किट, पी०३४० कॅम सेन्सर, पी०२३० पंपाचं सर्किट, पी००८७ म्हणजे पेट्रोलचा दाब कमी. कोड आला म्हणजे तोच पार्ट गेला असं नसतं, वायर सुटली तरी तोच कोड येतो, म्हणून आधी त्या पार्टच्या वायरीचा कनेक्टर हलवून बघा. लाइव्ह डेटामध्ये सेल्फ मारताना आरपीएम शून्य दिसतोय का ते काट्यापेक्षा इथे नीट कळतं. इंजिनचं तापमान उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरची वायर तुटली आहे असं समजा (सेल्सियस की फॅरनहाइट हा प्रश्नही नको, उणे ४० ला दोन्ही एकच). कोड लगेच पुसून टाकू नका, आधी फोटो काढा.

एवढं बघूनही सुरू नाही झाली तर गॅरेजला फोन करताना "स्टार्ट होत नाही" एवढंच सांगू नका. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय, पंपाचा आवाज येतोय किंवा येत नाही, किल्लीचा दिवा लागलाय की नाही, गरम असताना होतं की थंड असताना, कोड काय आलाय, हे सांगा, जमलं तर सेल्फच्या आवाजाचा व्हिडिओ दाखवा. तपासणीचे पैसे बऱ्याच ठिकाणी तासावर लागतात, यातला बराचसा तास तुम्ही वाचवलेला असतो. "तपासून आधी मला फोन करा, मी हो म्हटल्याशिवाय पार्ट बदलू नका", हे गॅरेजला मेसेजवर लिहून द्या म्हणजे नंतर वाद नको. चासिस नंबर टाकून रिकॉल (कंपनीने दोष दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणं) आहे का तेही बघा, असेल तर ते काम कंपनी सहसा फुकट करून देते. आणि टो ट्रक बोलवताना गाडी ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर ते आधीच सांगा, तिला फ्लॅटबेड (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) लागतो, दोन चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर गिअरबॉक्सचं काम वेगळं निघतं.