दिसायला खारं, खायला गोड: ओव्हनशिवाय फसवे गोड पदार्थ कसे करावेत

ताटलीत मऊसर पांढऱ्या कडांचं एक हाफ फ्राय अंडं आहे. मधला बलक चकाकतोय, वर मिरपूड भुरभुरली आहे. खाणारा चमचा घालतो आणि तोंडात विरघळतं ते व्हॅनिलाचं दूध आणि जर्दाळू. त्या एका क्षणात त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यासाठी हा सगळा खटाटोप करावा. आणि खटाटोप म्हटलं तरी ओव्हन लागत नाही. गॅस, फ्रीज आणि थोडा धीर एवढ्यावर भागतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण बहुतेकांचं गणित तिथेच चुकतं. फसवायचं ते डोळ्यांना, जिभेला नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना स्मोक्ड सॅमन माशाचं आइस्क्रीम खायला दिलं होतं. ‘हे आइस्क्रीम आहे’ असं ज्यांना सांगितलं, त्यांना ते जास्त खारट लागलं आणि मुळीच आवडलं नाही. ‘हे थंडगार खारं मूस (फेटून हलका केलेला मऊ पदार्थ) आहे’ असं ज्यांना सांगितलं, त्यांनी तोच पदार्थ बरा म्हणून खाल्ला. म्हणजे जिभेने एक धरलं आणि मिळालं भलतंच, तर चांगली चवसुद्धा नकोशी होते. म्हणून माझा नियम असा: रूप हुबेहूब असावं, पण घास तोंडाशी येईपर्यंत वासाने गुपित फुटायला हवं. व्हॅनिला, चॉकलेट, पिकलेलं फळ यांचा वास नाकाला आधीच सावध करतो. मग बसतो तो गोड धक्का, आणि धक्का गोडच हवा.

दुसरी गोष्ट हाताची. खरं अन्न कधी मापात नसतं. अंड्याचा पांढरा भाग एका बाजूला पसरतो, सॉस कडेला ओघळतो, गोळे लहानमोठे होतात. नीटनेटका, गोल गरगरीत पदार्थ लगेच मिठाईसारखा दिसतो. मी पहिल्यांदा अंडं केलं तेव्हा वाटीच्या साच्यात दूध ओतलं होतं. चव छान झाली, पण कोणाच्याही मनात अंडं आलं नाही. साचा बाजूला ठेवला आणि दूध सरळ ताटलीवर ओतलं, तेव्हा जमलं.

हाफ फ्राय अंडं

पहिल्यांदा करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. चार अंड्यांसाठी 200 मिली दूध, 50 मिली फ्रेश क्रीम, 2 टेबलस्पून साखर, 2 ग्रॅम अगर-अगर पावडर (म्हणजे चायना ग्रासची पूड), अर्धा चमचा व्हॅनिला इसेन्स आणि डब्यातल्या जर्दाळूच्या चार फोडी घ्या. अगर-अगर शक्यतो वजन करूनच घ्या. चमच्याच्या मापात थोडं जास्त पडलं तरी दुधाचं रबर होतं.

आधी चार सपाट ताटल्या फ्रीजमध्ये ठेवा. ही पायरी टाळू नका, कारण पुढे कळेल. जर्दाळूच्या फोडी पाकातून काढून निथळा आणि टिश्यूने अगदी कोरड्या करा.

आता थंड दुधात क्रीम, साखर आणि अगर-अगर घालून ढवळा आणि पाच मिनिटं तसंच राहू द्या. मग मध्यम आचेवर सतत हलवत उकळी आणा आणि आच कमी करून आणखी दोन मिनिटं उकळू द्या. अगर-अगर पुरतं विरघळायला उकळीच लागते. नुसतं गरम दूध पुरत नाही, मागे बारीक कण राहतात आणि ते जिभेला लागतात. गॅस बंद केल्यावर व्हॅनिला घाला आणि मिश्रण गाळून घ्या.

ते हलवत हलवत कोमट-गरम होऊ द्या. बोट बुडवलं तर गरम लागावं, पण चटका बसू नये. अगर-अगर साधारण 35 ते 40 अंशांच्या दरम्यान सेट होतं, त्यामुळे फार वेळ गप्पा मारत बसलात तर पातेल्यातच वडी तयार होईल. तशी झालीच तर घाबरू नका. पुन्हा गरम केलं की ती वितळते, काही बिघडत नाही.

थंड ताटली बाहेर काढा. मधोमध पळीभर मिश्रण ओता आणि त्याला आपोआप पसरू द्या. ताटली थंड असल्यामुळे कडा जिथल्या तिथे गोठतात आणि किंचित फुगीर राहतात, तव्यावरच्या अंड्यासारख्या. मग चमच्याने एकदोन ठिकाणी कडेला थोडं मिश्रण सोडून वेडेवाकडे फाटे काढा. जाडी अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. उरलेलं चमचाभर मिश्रण छोट्या वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवून द्या, ते आता लागेल.

पांढरा थर हलवल्यावर थरथरतो पण बोटाला लागत नाही, अशा वेळी मध्याच्या जरा एका बाजूला गरम मिश्रणाचा एक थेंब टाका आणि त्यावर जर्दाळूची फोड पालथी ठेवा. थर पूर्ण सेट झाल्यावर फोड ठेवली तर ती धरत नाही, ताटली नेताना बलक घसरून टेबलावर जातो. तो थेंब डिंकासारखं काम करतो.

शेवटी जर्दाळूचा जॅम चमचाभर कोमट पाण्यात पातळ करून गाळा आणि ब्रशने फोडीवर लावा. अंडं खरं वाटतं ते या चकाकीमुळे. वर किसणीच्या बारीक बाजूने किसलेलं डार्क चॉकलेट चिमूटभर टाका, ती झाली मिरपूड. हातात थांबवण्याची ताकद ठेवा, जास्त टाकलं की लगेच चॉकलेट दिसतं. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि वाढा.

जिलेटीन वापरलं तर चालेल का? चालेल, आणि ते तोंडात जास्त मऊ विरघळतं. पण ते प्राण्यांपासून बनतं आणि गरम हवेत टेबलावर लवकर ढिलं पडतं. शिवाय ताजा अननस किंवा किवी घालायचा असेल तर जिलेटीन सेटच होत नाही, कारण त्या फळांतली एन्झाइम्स त्याची प्रथिनं तोडून टाकतात. समुद्री शेवाळापासून बनणाऱ्या अगर-अगरला ही अडचण नाही, आणि एकदा सेट झालं की 85 अंशांच्या आसपास तापल्याशिवाय ते वितळतही नाही.

स्पॅगेटी आणि मीटबॉल (खिम्याचे गोळे)

ही कल्पना जुनी आहे. जर्मनीतल्या मानहाइम शहरात दारिओ फोंतानेल्ला यांनी 1969 साली व्हॅनिला आइस्क्रीम दाबयंत्रातून काढून त्याच्या शेवया केल्या, वर स्ट्रॉबेरीचा सॉस ओतला आणि चीज म्हणून पांढरं चॉकलेट भुरभुरलं. ‘स्पॅगेटीआइस’ आजही जर्मनीत आवडीने खाल्लं जातं.

घरी त्यासाठी सोऱ्या उत्तम. मध्यम भोकांची चकती लावा आणि सोऱ्या व ताटल्या तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. प्रत्येक ताटलीत मधोमध फेटलेल्या क्रीमचा छोटा ढीग करून तोही गोठवा. त्यामुळे शेवयांना उंची मिळते आणि त्या लवकर वितळत नाहीत. आइस्क्रीम फ्रीझरमधून काढून पाचेक मिनिटं थांबा. चमचा जोर लावल्यावर आत जाईल इतपतच ते नरम व्हायला हवं. मग सोऱ्यात भरून क्रीमच्या ढिगावर गोल फिरवत दाबा. एका वेळी एकच ताटली करा आणि लगेच फ्रीझरमध्ये परत ठेवा. चार ताटल्या एकदम करायच्या मोहात पडलात, तर शेवटची होईपर्यंत पहिलीचं दूध झालेलं असतं.

सॉससाठी 200 ग्रॅम स्ट्रॉबेरी आणि 2 चमचे साखर एकत्र करून काट्याने ठेचा. मिक्सर नको. गुळगुळीत सॉस सरबतासारखा दिसतो, ठेचलेला टोमॅटोसारखा. मीटबॉलसाठी 150 ग्रॅम चॉकलेट बिस्किटांचा भरड चुरा, 1 चमचा कोको आणि गोळा वळता येईल इतपत कंडेन्स्ड मिल्क घ्या. कंडेन्स्ड मिल्क चमच्याचमच्याने घाला. गोळे तळहातावर गुळगुळीत करू नका, खडबडीतच ठेवा. ऐनवेळी गोळे मांडा, वर सॉस ओता, पांढरं चॉकलेट किसा आणि कडेला पुदिन्याचं एक पान ठेवा.

घाईचे दोन

छोटा बर्गर पाच मिनिटांत होतो. दोन गोल, फुगीर व्हॅनिला बिस्किटं पाव म्हणून घ्या, मध्ये चॉकलेटची जाड चकती, हिरवा रंग लावलेला खोबऱ्याचा कीस आणि पिवळ्या-लाल आयसिंगचा थेंब. वरच्या बिस्किटावर मधाचं बोट फिरवून तीळ चिकटवा. तीळ विसरू नका, पावाची ओळख त्यांच्यामुळेच पटते.

फ्राइज तर त्याहून सोप्या. साध्या तयार केकच्या बोटभर जाड पट्ट्या कापा, कागदाच्या पुडीत उभ्या भरा आणि शेजारी वाटीत गाळलेला स्ट्रॉबेरी जॅम ठेवा. केकचा तपकिरी पापुद्रा काही पट्ट्यांच्या टोकांना राहू द्या, त्या तळल्यासारख्या दिसतात.

वाढताना

गोड आहे म्हणून नाजूक बशीत वाढू नका. अंडं साध्या न्याहारीच्या ताटलीत, स्पॅगेटी खोलगट ताटात काट्यासोबत, असं दिलं की निम्मं काम भांडंच करतं. मात्र हे जेवण झाल्यावर द्या. भुकेल्या माणसाने खारट घासाची आस धरलेली असते, त्याच्या हाती गोड पडलं की त्याला हसू येत नाही.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. दूध, सुकामेवा, गहू, तीळ यांची कोणाला ॲलर्जी असेल तर काय काय घातलं आहे ते आधी सांगा, मग गंमत थोडी कमी झाली तरी चालेल. तसंच अंडं किंवा मांस न खाणाऱ्या माणसासमोर ताटली ठेवण्याआधी त्याच्या कानात हळूच सांगून ठेवा. तो मग तुमच्या कटात सामील होतो आणि शेजारच्याचा पहिला घास बघायला तुमच्याइतकाच आतुर असतो.