कोरियन वाक्यं जोडायचीत? मग आधी मराठीत बोला

आमच्या इंदूरला घरात मराठी, बाहेर हिंदी, तरी कोरियन शिकायला बसलं की सगळे इंग्रजीतलं अँड, बट, सो धरून बसतात. माझी भाचीपण तेच करत होती, प्रत्येक वाक्यानंतर गुरिगो, गुरिगो, म्हणजे 'आणि, आणि'. तिला म्हटलं, अगं कोरियनमध्ये क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, तू आधी मराठीत वाक्य बोल आणि बघ आपण कसं जोडतो ते.

सुटे शब्द सोपे आहेत. गुरिगो म्हणजे आणि, हाजिमान म्हणजे पण, गुरेसॉ म्हणजे म्हणून. एक वाक्य पूर्ण करायचं आणि पुढच्याच्या सुरुवातीला हे लावायचं. फक्त दोन वस्तू जोडायला बोलताना हागो वापरतात, म्हणजे पोहे-जलेबी मागायची तर 'पोहा हागो जालेबी'.

खरी मजा क्रियापदाला चिकटणाऱ्या प्रत्ययांत आहे, इथे वेळ द्या. 'सराफ्यात (आमच्या इंदूरच्या खाऊबाजारात) जाऊन जलेबी खाते' हे आपण रोज बोलतो, तो 'जाऊन' म्हणजेच 'गासॉ': साराफाए गासॉ जालेबिरुल मॉगॉयो. तिथे गेले म्हणून तिथलीच जलेबी खाल्ली. 'गासॉ' ऐवजी 'गागो' म्हटलंत तर जाणं वेगळं आणि खाणं वेगळं, दोन सुटी कामं होतात. आणि 'जाऊन आले', 'जाऊन येईन' यात काळ जसा शेवटच्या क्रियापदावर असतो तसंच तिकडे, 'गासॉ' मधल्या सॉ या प्रत्ययाच्या आधी भूतकाळ लावायचा नाही, ही चूक सगळ्यात जास्त होते.

हाच सॉ कारणही सांगतो. बिगा वासॉ आन गास्सॉयो, पाऊस आल्यामुळे गेले नाही. पण समोरच्याला काही करायला सांगायचं असेल तर सॉ चालत नाही, तिथे निक्का लागतो: बिगा ओनिक्का उसानुल गाजॉगासेयो, पाऊस पडतोय तर छत्री घेऊन जा. उशीर झाल्याची माफी मागताना मात्र सॉ च, नुजॉसॉ मियानेयो.

प्रत्ययांत 'पण' साठी जिमान, 'जर-तर' साठी म्यॉन, हे दोन्ही पटकन बसतात.

नुन्दे या प्रत्ययाला भाची घाबरायची, तिला म्हटलं तू रोज मला फोनवर काय विचारतेस, 'मावशी, मी बाजारात चाललेय, काही हवंय का?' तो मधला स्वल्पविराम म्हणजेच नुन्दे. शिजांगए गानुन्दे म्वॉ पिरियोहेयो? आधी परिस्थिती सांगायची, मग मुद्दा.

एक मात्र करा, हांगुल म्हणजे कोरियन लिपी, तिची मूळ 24 अक्षरं आधी शिका, कारण देवनागरीत मी लिहिलेले उच्चार जवळपासचेच आहेत. मग रोज रात्री दिवसभराच्या पाच ओळी मराठीत लिहा, 'ऊन', 'पण', 'तर' खाली रेघ मारा आणि तेवढेच कोरियनमध्ये करा, भाचीची वही अशीच भरत चाललीय.