पुरानंतर मदतीला जाताय? या चुका टाळा

पाणी उतरल्यावर पहिले आठ दिवस मदतीची रीघ लागते. महिन्याभराने भिंती ओल्याच असतात, कामधंदा बंदच असतो, पण विचारपूस करायला कोणी फिरकत नाही. माझ्या मते स्वयंसेवी संस्थेची खरी गरज तेव्हा असते. बहुतेक चुका मात्र पहिल्या आठवड्यातच होतात, आणि त्या एकाच कारणाने होतात: लोकांना काय हवं आहे, हे त्यांना न विचारता ठरवलं जातं.

कपड्यांचा ढीग साचलाय, कोणी घेत नाही

देणाऱ्यांच्या घरात जे जास्तीचं होतं ते आलं, घेणाऱ्यांना जे हवं होतं ते आलं नाही. मग निम्मे कार्यकर्ते निवड करण्यात अडकतात, कोरडी जागा त्या ढिगाला जाते आणि भिजून कुजलेले कपडे शेवटी पूरग्रस्तांच्याच दारात कचरा होऊन पडतात. ज्यांचं घर नुकतं चिखलाने भरलं, त्यांच्यापुढे आणखी कचरा टाकणं मला असह्य वाटतं.

आवाहन करण्याआधी दोघा-तिघांनी घरोघर फिरून यादी करावी. वस्तू, माप, नग आणि शेवटची तारीख, एवढं आवाहनात असायलाच हवं. ढीग आधीच आला असेल तर पहिल्यांदा ‘आता कपडे नकोत’ हे जाहीर करा. नवे अंतर्वस्त्र, पांघरुणं, सॅनिटरी पॅड बाजूला काढा आणि बाकीचं पूरक्षेत्राबाहेर हलवा. बाजार सुरू झाला असेल तर रोख मदत बरेचदा अधिक उपयोगी पडते. कुणाला औषध हवं असतं, कुणाला अवजार, ते ज्याचं त्याला कळतं. शिवाय पैसा तिथल्याच दुकानदाराकडे जातो, आणि बुडालेला तोही असतो.

तान्ह्या बाळांसाठी दुधाची पावडर सरसकट वाटू नका. अशुद्ध पाण्यात कालवलेल्या पावडरीने जुलाब होतात आणि अंगावरचं दूध कमी होतं ते वेगळंच. आईला खायला-प्यायला आणि निवांत आडोसा मिळवून द्या. ज्या बाळांना आईचं दूध मिळूच शकत नाही, त्यांचं डॉक्टरांच्या देखरेखीखाली बघा.

साफसफाईची घाई

चिखल दिसला की फावडं हातात घ्यावंसं वाटतं. पण आधी वीज मुख्य ठिकाणी बंद आहे का, गॅसचा वास येतो का, भिंतीला नव्या भेगा आहेत का, हे पाहा. सामान बाहेर फेकण्याआधी घरमालकाला विचारा आणि नुकसानीचे फोटो काढा. नंतर भरपाई मागताना त्या कुटुंबाच्या हातात तेवढाच पुरावा असतो.

तळघरातलं पाणी पंप लावून एका दिवसात उपसण्याची चूक फार महागात पडते. बाहेरची माती पाण्याने जड झालेली असते, आतला आधार एकदम गेला की भिंत आत कोसळू शकते. बाहेरचं पाणी उतरल्यावर रोज साधारण एक तृतीयांश उपसा. पंप किंवा जनरेटर घरात चालवू नका, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय जीव घेतो. ब्लीचिंग पावडर अ‍ॅसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या द्रवात मिसळू नका.

बुरशी 24 ते 48 तासांत धरू लागते, म्हणून ओल्या गाद्या, प्लायवूड लगेच बाहेर काढा. भिंत पूर्ण वाळेपर्यंत मात्र रंग लावू नका, नाहीतर आतली ओल पोपडे काढते. गमबूट आणि हातमोजे कार्यकर्त्यांनाही सक्तीचे हवेत. चिखलात काम केल्यावर पुढच्या महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरांना पुराचा संदर्भ नक्की सांगा, लेप्टोस्पायरोसिस (उंदीर-जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा आजार) असू शकतो.

पाण्यात औषध टाकलं, तरी जुलाब थांबत नाहीत

पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्च होतं. आधी निवळू द्या, गाळा, मग क्लोरीन घालून किमान 30 मिनिटं थांबा. पाणी ठीक निघालं तर घरातलं भांडं बघा: झाकण आहे का, हात बुडवून पाणी काढतात का? ‘स्फिअर’ या मानवतावादी मदतीच्या मानकांनुसार माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी आणि एका नळामागे जास्तीत जास्त 250 माणसं धरतात. टँकर किती आले, यापेक्षा हा हिशोब करा.

वाटपावरून भांडणं

यादी बंद खोलीत ठरली की संशय वाढतो. निकष आणि नावं चौकात लावा, तक्रार कुठे करायची तेही लिहा. तरी भाडेकरू, एकटे वृद्ध, अपंग आणि नातेवाइकांकडे राहायला गेलेली कुटुंबं सुटतातच, त्यांना शोधत जावं लागतं. बायकांशी स्वतंत्र बोला. शौचालयाच्या वाटेवर अंधार आहे, हे पुरुषांच्या बैठकीत कुणी सांगत नाही.

रेड क्रॉस चळवळ आणि इतर संस्थांनी 1994 मध्ये मांडलेल्या आचारसंहितेत दहा तत्त्वं आहेत. मदत गरज पाहूनच द्यावी, तिचा वापर राजकीय किंवा धार्मिक प्रचारासाठी करू नये, आणि आपत्तीग्रस्तांना प्रसिद्धीत केविलवाणं न दाखवता सन्मानाने दाखवावं, असं त्यात म्हटलं आहे. पिशवी हातात धरायला लावून काढलेला फोटो या कसोटीवर टिकत नाही.

अचानक निघून जाणं

किती दिवस थांबणार, हे पहिल्याच बैठकीत सांगा. निघण्याआधी तिथल्याच लोकांची समिती करून यादी, उरलेलं सामान आणि हिशोब तिच्या ताब्यात द्या. तीन महिन्यांनी दोन कार्यकर्ते परत पाठवा. कुणाची कागदपत्रं अजून अडकली आहेत, कोणतं मूल शाळेत परतलं नाही, कोण रात्री पावसाच्या आवाजाने दचकून उठतं, हे तेव्हा कळतं. पुराची कहाणी सांगा म्हणून त्यांच्या मागे लागू नका, स्वतःहून बोलू लागले तर वेळ काढून ऐका.