गोठ्याजवळचं झाड का वाळतंय, हे कसं शोधावं

मोठ्या गोठ्याशेजारची झाडं वाळू लागली की आपण आधी बुरशीनाशक शोधतो. बुरशी असतेही, पण पुष्कळदा तिला वाट करून दिलेली असते अमोनियाने. मूत शेणात मिसळलं की शेणातले जिवाणू मुतातल्या युरियाचा अमोनिया करतात. तो हवेत जातो आणि त्यातला बराचसा जवळपासच्याच पानांवर, सालीवर, मातीत उतरतो.

अमोनियात नत्र (नायट्रोजन) असतं आणि नत्र म्हणजे खतच, मग झाड बळकट का होत नाही? पानं हिरवीगार होतात, पण कोवळी राहतात. त्यांतला नत्रयुक्त रस किडीला आणि बुरशीला आयता मिळतो. शेंडा वाढतो, त्या मानाने मुळं वाढत नाहीत. मुळांना साथ देणारी उपयोगी बुरशी घटते. माती आम्लधर्मी होऊन कॅल्शियम, मॅग्नेशियम झिरपून जातं. नेदरलँड्समध्ये १९८०च्या दशकात पशुपालनाच्या पट्ट्यातल्या पाइनच्या झाडांवर शेंडे मारणारी बुरशी बळावली, ती अशाच नत्राच्या भाराखाली.

तपासणीला आधी गोठ्यापासून वारा वाहतो त्या दिशेला चालत जा. जवळची झाडं जास्त आजारी आणि काहीशे मीटरवरची बरी दिसली, तर संशयाला जागा आहे. सगळीकडे सारखीच वाळत असतील तर कारण दुसरीकडे शोधा.

मग साल पाहा. दाढीसारखी लोंबणारी दगडफुलं (लायकेन) नाहीशी होऊन पिवळी-नारिंगी, चिकटून वाढणारी माजली असतील तर नत्र जास्त आहे. (धुळीनेही असं होतं, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका.)

पान-माती परीक्षणात नुसतं नत्र बघून उपयोग नाही. पोटॅश, मॅग्नेशियम आणि स्फुरदाशी त्याचं प्रमाण बघा. हवेतला अमोनिया मोजायला शोषक नळ्या महिनाभर टांगतात, आणि हे वर्षभर करावं लागतं. वार्षिक सरासरी घनमीटरला १ मायक्रोग्रॅमच्या वर गेली की नाजूक दगडफुलांना धोका, ३च्या वर गेली की इतर वनस्पतींनाही.

उपाय गोठ्यातच आहे. मूत आणि शेण वेगळं वाहू द्या, स्लरीची (शेण-मुताच्या पातळ काल्याची) टाकी झाका, शेतात टाकलेलं शेणखत त्याच दिवशी मातीत मिसळा. खुराकातली गरजेपेक्षा जास्त प्रथिनं कमी केली तर मुतातला युरियाच घटतो. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी. गोठा आणि जुन्या झाडांच्या मध्ये दाट झाडांचा पट्टा लावला तर तो काही अमोनिया अडवतो, मात्र त्या पट्ट्यातली झाडं मार खाणार हे धरूनच लावा. आजारी झाडाला मात्र नत्रखत देऊ नका.