डेलिलीची घरगुती नर्सरी: या चुका टाळा

डेलिली म्हणजे लिलीसारखी फुलं येणारं, वर्षानुवर्षं टिकणारं बागेतलं झाड. अमेरिकेत डेलिलीच्या बऱ्याच नर्सऱ्या घरच्याच माणसांच्या जोरावर चालतात. अर्धा-एक एकर जागा, पुढे लोकांनी बघायची बाग, मागे विक्रीचे वाफे, आणि जून उजाडला की सगळं घर उन्हात. नॉर्थ कॅरोलायनात, रॅली-केरीच्या लाल चिकण मातीत, आमचंही असंच चालतं. आसपासच्या बागांत हिंडताना त्याच त्या चुका दिसतात. खतापाण्यातली चूक पुढच्या हंगामात भरून निघते. नावातली चूक मात्र ग्राहकाच्या अंगणात वर्षानुवर्षं वाढत राहते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

नावांची सरमिसळ

अमेरिकन डेलिली सोसायटीकडे नोंदलेल्या जातींची संख्या लाखाच्या घरात आहे. साधी केशरी डेलिली रस्त्याकडेच्या चरातही मिळते. नर्सरीत येणारा माणूस विशिष्ट जातीसाठी पैसे मोजतो. आणि पाटीवरचं मार्करचं अक्षर तर एक-दोन उन्हाळ्यांत उडून जातं. जस्ताच्या पट्टीवर साध्या पेन्सिलीने लिहिलेलं जास्त टिकतं. दुसरी पट्टी मुळांशेजारी मातीत पुरा, आणि वाफ्यांचा नकाशा कागदावर घरात ठेवा. पाहुण्यांची मुलं पाट्या उपटतात, हरणं तुडवतात. तेव्हा हा नकाशाच कामाला येतो.

याहून फसवी गोष्ट ठोंबाच्या, म्हणजे फुटव्यांच्या झुबक्याच्या, आत घडते. ठोंब फोडून, म्हणजे फुटवे वेगळे करून लावले, तर डेलिलीची जात जशीच्या तशी राहते. बियांपासून आलेलं प्रत्येक रोप वेगळं निघतं. फुलं गळल्यावर दांड्यावर राहिलेलं बोंड वाळून फुटतं, मिरीएवढं काळं चकचकीत बी ठोंबातच पडतं आणि तिथेच रुजतं. दोन-तीन वर्षांत ते फुटवे मूळ फुटव्यांत असे मिसळतात की पानांवरून काही कळत नाही. मग विक्रीसाठी ठोंब फोडला की भलतंच रोप त्या नावाने बाहेर जातं. बोंडं हिरवी असतानाच खुडा. बहरात प्रत्येक ठोंबासमोर दोन मिनिटं उभं राहा. एखादा दांडा उंचीला किंवा फुलाच्या घशाच्या (आतल्या मध्यभागाच्या) रंगाला वेगळा दिसला तर त्याला तिथल्या तिथे फीत बांधा. संशय आला तर नोंद पडताळा. ‘स्टेला डी ओरो’ 1975 साली नोंदली गेली. नोंदीत उंची 11 इंच, फूल पावणेतीन इंच. तुमची ‘स्टेला’ दोन फूट वाढत असेल तर ती स्टेला नव्हे, ते नाव काढून टाका.

निळ्या फुलाचा फोटो लावून बी विकणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. खरी निळी डेलिली अजून कुणालाच काढता आलेली नाही.

तांबेरा ओळखता न येणं

डेलिलीचा तांबेरा, म्हणजे पानांवरचा एक बुरशीरोग, अमेरिकेत पहिल्यांदा 2000 साली सापडला. पानाच्या खालच्या बाजूने पांढरा टिश्यू ओढा. केशरी भुकटी उतरली तर तांबेरा. मधल्या शिरेलगत पिवळे-तपकिरी पट्टे आहेत, पण भुकटी नाही, तर तो बहुधा पानावरच्या पट्ट्यांचा बुरशीरोग. तो दिसायला वाईट, पण झाडाच्या जिवावर सहसा उठत नाही. या दोन्हींत गल्लत झाली की लोक उगाच फवारत बसतात, नाहीतर तांबेरा अंगावर काढतात.

तांबेरा आत येतो तो बहुतेक वेळा विकत आणलेल्या रोपांबरोबर. नवी रोपं आली की पानं आखूड छाटा आणि निदान महिना-दोन महिने कुंड्यांत, बागेपासून लांब ठेवा. संध्याकाळी वरून तुषार सोडू नका, कारण रात्रभर ओली राहिलेली पानं या बुरशीला हवीच असतात. पॅट्रिनिया हे झाड जवळपास नको. तांबेऱ्याचा दुसरा आसरा तेच. कडक थंडीच्या राज्यांत पानं मरतात तशी बुरशीही मरते. आमच्याकडच्या सौम्य हिवाळ्यात सदाहरित जातींवर ती तग धरू शकते, तेव्हा फेब्रुवारीत जुनी पानं काढून टाकणं आलंच. रोगट रोप ‘नंतर बरं होईल’ म्हणून विकायचं नाही, स्वस्तातही नाही.

भर उन्हाळ्यात ठोंब फोडणं

बहरात ग्राहक समोर उभा असतो, रोप लगेच हवं म्हणतो, आणि आपण कुदळ घेतो. दक्षिणेकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट उकाड्यात कापलेला गड्डा चटकन सडतो. फुटवा हलकेच ओढल्यावर हातात आला आणि बुडाला घाण वास असला की समजा सड लागली. ठोंब उपसा, घट्ट पांढरा भाग दिसेपर्यंत कापा, सावलीत सुकवा आणि दुसऱ्या जागी लावा. आम्ही जूनमध्ये मागणी लिहून घेतो आणि रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये देतो. कारण नीट समजावलं की लोक थांबतात. लावताना पानं आणि मुळं जुळतात तो सांधा मातीखाली इंचभरच असावा. खोल गेला तर फुलं रोडावतात.

सगळंच विकून बसणं

नव्या जातीचा एक फुटवा शंभर डॉलरच्या वर जातो आणि काही वर्षांत भाव बराच उतरतो. त्या मोहात सगळे फुटवे विकले की बागेत दाखवायला काही उरत नाही. प्रत्येक जातीचा एक मातृठोंब विक्रीबाहेर ठेवा. लवकर, मध्य आणि उशिरा फुलणाऱ्या जाती मिसळून लावल्या नाहीत तर बाग तीन आठवड्यांत ओस पडते.

बारीकसारीक, पण टाळू नये असं

प्रत्येक फूल एकच दिवसाचं. आदल्या दिवशीची लिबलिबीत फुलं सकाळीच काढा, नाहीतर ती शेजारच्या कळीला चिकटतात आणि कळी उमलत नाही. हरणं एका रात्रीत कळ्या फस्त करतात, म्हणून कुंपण बहराच्या आधीच हवं. गडद लाल-जांभळ्या फुलांचे फोटो सकाळी काढा, दुपारी रंग विटतो. पार्सलने रोपं पाठवायची असतील तर परवाना आणि तपासणीचे नियम राज्याच्या कृषी खात्याकडून आधी समजून घ्या.

चिनी स्वयंपाकात डेलिलीच्या सुकवलेल्या कळ्या वापरतात हे ऐकून लोक खाण्याबद्दल विचारतात. फवारणी केलेल्या नर्सरीतली कळी कुणाला चाखू देऊ नका. आणि दाराशीच मोठ्या अक्षरांत लिहा: डेलिली मांजरांना विषारी आहे, मूत्रपिंडं निकामी होतात. घरात मांजर असेल तर आम्ही रोप घेऊ नका असंच सांगतो.