नडगी दुखतेय? आधी बोटाने दाबून बघा
नडगी दुखायला लागली तरी बरेच जण दात-ओठ खाऊन पळत राहतात. कृपा करून तसं करू नका. खुर्चीत बसून नडगीच्या हाडाची आतली कड घोट्यापासून वरपर्यंत बोटाने दाबत जा. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात दुखत असेल तर हाडावर आणि त्याला चिकटलेल्या स्नायूंवर ताण आलाय, बहुधा पळणं एकदम वाढवल्यामुळे. पण नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. मग पळणं बंद आणि थेट डॉक्टर.

नुसता ताण असेल तर दोन-तीन आठवडे पळण्याऐवजी सायकल चालवा किंवा पोहा. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं लावा. दुखणं ओसरलं की पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा सावकाश वर-खाली करा. पोटऱ्या मजबूत झाल्या की नडगीवरचा भार हलका होतो. हा व्यायाम कंटाळवाणा वाटतो, तरी सोडू नका. भरभर चालताना अजिबात दुखत नसेल तेव्हाच पुन्हा पळा, तेही आधीच्या निम्म्या अंतरापासून आणि पावलं थोडी आखूड टाकत. तळ झिजलेले बूट मात्र लगेच बदला.